ढेकणांवरचे घरगुती उपाय: बरणीत तपासून पाहिले, तुम्हीही पाहा

शेवंती (धागाकर्ती)

ढेकूण झालेत असं कुणाला सांगितलं की दहा माणसं दहा उपाय सांगतात. कडुनिंबाचा पाला, निलगिरी तेल, कापूर, डांबरगोळ्या, व्हिनेगर, बोरिक पावडर, रॉकेल, गादीला ऊन, खाटेवर उकळतं पाणी. सांगणाऱ्याची पक्की खात्री असते, कारण त्याने एक तरी ढेकूण आपल्या डोळ्यांदेखत मरताना पाहिलेला असतो. माझं म्हणणं इथूनच सुरू होतं. समोर दिसणारा ढेकूण मेला म्हणजे उपाय लागू पडला असं होत नाही. समोर आलेला ढेकूण चपलेनेही मरतो. प्रश्न फटीत बसलेल्यांचा आहे आणि त्यांच्या अंड्यांचा.

म्हणून मी उपाय एकेक करून बरण्यांत तपासले. पद्धत सविस्तर लिहिते, म्हणजे कुणालाही करून पाहता येईल.

सारख्या मापाच्या काचेच्या बरण्या घ्यायच्या. तळाला कागदाचा गोल तुकडा, तोंडाला दाट विणीचं कापड आणि रबर. ढेकूण उचलायला ओला मऊ ब्रश वापरायचा, चिमटा नको. चिमट्याने पाय मोडतो, आणि मग तो औषधाने मेला की आपल्या हाताने, ते कळायला मार्ग उरत नाही. प्रत्येक बरणीत साधारण दहा, लहानमोठे मिसळून. एक बरणी कोरी ठेवायची: तितकेच ढेकूण, तसाच कागद, फक्त उपाय नाही. उपाय पातळ असेल तर कोऱ्या बरणीत तेवढंच साधं पाणी शिंपडायचं. सगळ्या बरण्या साबणाचं पाणी घातलेल्या पसरट ताटात, सावलीत, एकाच ठिकाणी. ढेकूण निसटला तर ताटातच पडावा.

प्रत्येक उपायाला तीन वेगळे प्रश्न विचारायचे. थेट अंगावर पडला तर मरतो का? वाळलेल्या डागावरून चालला तर मरतो का? अंड्यावर पडला तर अंडं फुटायचं थांबतं का? पहिल्या प्रश्नाला बहुतेक सगळे उपाय पास होतात. दुसऱ्याला बरेच नापास होतात. तिसऱ्याला जवळजवळ सगळेच.

आणि ‘मेला’ हा निकाल घाईने द्यायचा नाही. उलटा पडलेला ढेकूण बऱ्याचदा नुसता गुंगलेला असतो. ब्रशने हलकेच ढोसायचं, पाय हलतात का पाहायचं, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पाहायचं. निलगिरीच्या बरणीत मला हे फार स्पष्ट दिसलं. फवारल्यावर सगळे आडवे, आणि दुसऱ्या दिवशी त्यातले काही कागदाच्या कडेखाली जाऊन नीट बसलेले.

आता काय दिसलं ते.

साबणाचं पाणी आणि व्हिनेगर: अंग पूर्ण भिजलं तरच मरतो, वाळलेल्या डागाचा काहीही परिणाम नाही. कडुनिंबाचा सुका पाला: कोऱ्या बरणीत आणि या बरणीत फरक दिसला नाही, उलट पानांच्या आडोशाला ढेकूण आरामात बसले. कडुनिंबाचं घाण्याचं तेल थेट अंगावर पडलं तर मारतं, पण चादरीवर शिंपडून भागत नाही. कापूर: बंद बरणीत ढेकूण अस्वस्थ होतात, खोलीत तो वास हवेत विरतो आणि फटीत पुरेसा टिकत नाही.

बोरिक पावडरीबद्दल मात्र थोडं थांबून लिहायला हवं, कारण ती झुरळांवर खरोखर चालते आणि त्यामुळे लोकांचा तिच्यावर फार विश्वास असतो. झुरळ पाय आणि मिशा चाटतं, पावडर त्याच्या पोटात जाते. ढेकूण काहीच चाटत नाही. त्याला सोंड आहे, आणि ती तो फक्त रक्त ओढायला वापरतो. पावडरीतून तो चालत जातो, अंगाला पांढरं लागतं, आणि तो तसाच पुढे जातो. प्रयोगशाळेत रक्तातून बोरिक आम्ल पाजल्यावर ढेकूण मेले, पण नुसत्या भुकटीने मेले नाहीत. गादीखाली बोरिक शिंपडणाऱ्याच्या हाती म्हणून काही लागत नाही.

डायटोमेशियस अर्थ नावाची माती आणि सिलिका जेलची बारीक भुकटी, या दोघींची गोष्ट निराळी. ढेकणाच्या अंगावर मेणासारखा पातळ थर असतो, तो आतलं पाणी धरून ठेवतो. ही भुकटी तो थर शोषते आणि खरवडते, मग ढेकूण हळूहळू वाळून मरतो. भिंगातून पाहिलं तर आधी काहीच घडत नाही असं वाटतं. ढेकूण भुकटीतून जातो, मागे पायांची बारीक रेघ उमटते, सांध्यांत पांढरे कण अडकतात. पुढे पुढे चाल मंदावते, पोट चपटं होऊन त्याच्या कडा वर उचलल्यासारख्या दिसतात, आणि मग तो ब्रशने ढोसलं तरी हलत नाही. यात दिवस जातात. सिलिका जेल मातीपेक्षा बरीच लवकर काम करते. दोन्हींचा थर इतका पातळ हवा की जेमतेम दिसावा. ढीग घातला तर ढेकूण वळसा घालून जातो. नाकातोंडाला मास्क हवाच, आणि गादीवर किंवा उशीवर ही भुकटी कधीही नको. ती फक्त फटींत आणि खाटेच्या सांध्यांत घालायची.

उष्णतेबद्दल खाली लिहीन, तो विषय मोठा आहे. तुमचे अनुभव येऊ द्या, पण शक्यतो कोऱ्या बरणीसकट.

रानवाट

शेवंतीताई, फार कामाचा धागा. एक शंका. कोऱ्या बरणीचा एवढा आग्रह का? ढेकूण महिनोन्‌महिने उपाशी जगतात असं ऐकलंय. मग बरणीत ते आपोआप का मरतील?

शेवंती

सगळे तेवढे जगत नाहीत. पोटभर प्यालेला मोठा ढेकूण थंड जागी खूप काळ तग धरतो. नुकतं अंड्यातून निघालेलं पिल्लू उपाशी राहिलं तर लवकर मरतं. शिवाय पकडताना दुखावलेले असतात, म्हातारे असतात. कोऱ्या बरणीत एकही मेला नाही तर उत्तमच. मेले, तर तेवढे मृत्यू उपायाच्या खात्यावर टाकता येत नाहीत.

पाटीपेन्सिल

याचा हिशेब करायचं सूत्र आहे, ॲबट या कीटकशास्त्रज्ञाने १९२५ साली मांडलेलं. कीटकनाशकांच्या चाचण्यांत ते अजून वापरतात. समजा कोऱ्या बरणीत १० पैकी २ मेले आणि उपायाच्या बरणीत १० पैकी ६. वरवर पाहता उपाय ६० टक्के वाटतो. पण २ तर असेही मरणारच होते. उरलेल्या ८ मधले ४ उपायाने मेले, म्हणजे ५० टक्के. कोऱ्या बरणीतच २० टक्क्यांहून जास्त मेले तर तो सगळा प्रयोग बाद, नवे ढेकूण घेऊन पुन्हा करायचा.

आणखी एक. दहा ही संख्या लहान आहे. एका ढेकणाने आकडा दहा टक्क्यांनी हलतो. त्यामुळे ६० आणि ७० मधल्या फरकावरून हे तेल चांगलं की ते, असा वाद घालण्यात अर्थ नाही. ० आणि ९० मधला फरक मात्र दहांतही दिसतो.

दुपारची_सावली

मी थोडं वेगळं म्हणणार आहे. बरणीतल्या परीक्षेत नापास झालेला उपाय घरात पास होतो, हे आमच्याकडे पाहिलंय. निलगिरी आणि कापूर खोलीभर वापरल्यावर चावणं थांबलं. चार रात्री एकालाही चावा नाही. मग ते खोटं म्हणायचं का?

शेवंती

खोटं मुळीच नाही, तुम्ही पाहिलं ते पाहिलंच. त्याचा अर्थ काय लावायचा एवढाच प्रश्न आहे. ढेकूण रोज पीत नाही. पाच-दहा मिनिटांत पोट भरलं की आठवडाभर तो फटीत बसून असतो: पचवतो, कात टाकतो, मादी असेल तर अंडी घालते. सगळे एकाच सुमारास पिऊन बसले असतील तर चार शांत रात्री काहीही न करतासुद्धा मिळतात. अंडी उबेत साधारण ६ ते १० दिवसांत फुटतात. म्हणजे शांततेचा काळ संपतो तेव्हाच नवी पिल्लं भुकेली बाहेर येतात. दोन आठवड्यांच्या आत कुठल्याच उपायाला यश देऊ नका, आणि खोली मोकळी झाली म्हणायला दोन महिने लक्ष ठेवा.

चाव्यांवरून मोजणं तसंही फसवं असतं. काहींच्या अंगावर चाव्याची खूणच उठत नाही, काहींना काही दिवसांनी उठते. त्याच खाटेवर झोपणाऱ्या दोघांपैकी एकाच्या अंगावर गांधी उठतात आणि दुसरा म्हणतो मला काहीच नाही, हे नेहमीचंच आहे.

दुपारची_सावली

हे पटलं. मग वासाच्या उपायांनी ते पळून तरी जातात ना? आपल्या खाटेवरून गेले तरी पुष्कळ.

शेवंती

तिथेच खरा धोका आहे. ढेकूण साधारणपणे झोपण्याच्या जागेच्या आसपास, दीड-दोन मीटरच्या आत गर्दी करून राहतात. एकमेकांच्या वासाने ते एकत्र बसतात. त्यांना डिवचलं की वेगळा, उग्र वास सोडतात आणि त्या वासाने बाकीचे पांगतात. एका खाटेत दाटीवाटीने बसलेले ढेकूण शोधून मारणं जमतं. तेच सोफ्यात, पडद्याच्या शिवणीत, शेजारच्या खोलीत पांगले तर काम कितीतरी वाढतं. मादीचं मीलन आधीच झालेलं असेल तर ती एकटी जाऊनही नवा संसार थाटते. पळवणाऱ्या उपायाला मी म्हणूनच नापास करते, न मारणाऱ्यापेक्षाही खालचा नंबर देते.

प्रथमोपचार

वरच्या यादीतल्या काही गोष्टींबद्दल कळकळीने सांगतो. मारण्याच्या नादात माणसं जातात.

डांबरगोळ्यांतलं नॅप्थलीन श्वासावाटे शरीरात जातं. जी६पीडी या विकराची जन्मजात कमतरता असलेल्या बाळांच्या लाल पेशी त्याने फुटतात. घरातल्या कुणाला ही कमतरता आहे हे बहुधा माहीत नसतं. बाळाच्या अंथरुणात, दुपट्यात डांबरगोळी ठेवू नका. रॉकेल आणि स्पिरिट अंगावर पडलेल्या ढेकणाला मारतं खरं, पण गादी भिजवून ठेवली की एक ठिणगी पुरते. ढेकणांसाठी स्पिरिट शिंपडून घरांना आगी लागल्याच्या घटना झालेल्या आहेत.

सगळ्यात भयंकर म्हणजे धान्य साठवताना वापरतात त्या फॉस्फाइडच्या गोळ्या. हवेतल्या ओलाव्याने त्यांतून फॉस्फीन वायू सुटतो. बंद खोलीत तो जीव घेतो, भिंतीपलीकडच्या खोलीत झोपलेल्यांचाही. उतारा नाही. शेतीची फवारणीची औषधंही गादीवर मारायची नसतात. ढेकूण त्रास देतात, खाजवून जखमा होतात, झोप उडते, पण ते माणसाला रोग देत असल्याचं सिद्ध झालेलं नाही. ढेकणासाठी जीव धोक्यात घालायची वेळ कधीच येत नाही.

रानवाट

+१. हा प्रतिसाद धाग्याच्या सुरुवातीला लावून ठेवा.

कातरवेळ

बाजारात मिळणाऱ्या, भिंतीत खुपसायच्या आवाजाच्या यंत्रांचं काय? माणसाला ऐकू न येणारा आवाज करतात ती. आणि खोलीच्या मधोमध ठेवून सोडायचे धुराचे डबे?

पाटीपेन्सिल

दोन्ही तपासलेले आहेत आणि दोन्हींचा निकाल २०१२ सालचा आहे. अमेरिकेत आवाजाची चार यंत्रं तपासली, ढेकूण पळालेही नाहीत आणि जवळही आले नाहीत. धुराच्या डब्यांची चाचणी ओहायो स्टेट विद्यापीठात झाली. घरांतून पकडून आणून उघड्यावर ठेवलेल्या ढेकणांवरही परिणाम जेमतेम, आणि पातळ कापडाखाली किंवा आडोशाला असलेले तर सुखरूप. धूर खाली बसतो, फटीत शिरत नाही. शिवाय आजचे बरेच ढेकूण त्या डब्यांतल्या जातीच्या औषधांना सरावलेले आहेत. डीडीटीलाही ते असेच सरावले होते. १९४७ मध्येच हवाईतल्या पर्ल हार्बरला डीडीटीला दाद न देणारे ढेकूण सापडले होते.

अबोल_पान

मी गादी काळ्या प्लास्टिकमध्ये गुंडाळून कडक उन्हात ठेवायच्या विचारात आहे. प्लास्टिक हात लावू देत नाही इतकं तापतं. यात तरी अंडी मरतील?

शेवंती

अबोल_पान, थांबा. हेच ऑस्ट्रेलियात २००६ साली मोजलेलं आहे. काळ्या प्लास्टिकमधल्या गादीची उन्हाकडची बाजू ८० अंशांच्या पुढे गेली आणि खालची बाजू पस्तिशीच्या आसपास राहिली. ढेकूण चालत सावलीच्या बाजूला जातात. जाड गादी उष्णता आत जाऊच देत नाही, आपण तिच्यावर झोपतो तेव्हा ऊबदार वाटतं तेही त्यामुळेच.

आता उष्णतेचं राहिलेलं सांगते. सगळ्या घरगुती उपायांत माझा सर्वांत जास्त विश्वास हिच्यावर आहे, कारण अंड्यांवर चालणारी ही एकच गोष्ट सहज हाताशी आहे, आणि तिला ढेकूण सरावत असल्याचं दिसलेलं नाही. पण अंश आणि वेळ दोन्ही हवेत. ४५ अंशांना मोठे ढेकूण दीडेक तासात मरतात, अंडी मात्र त्याच तापमानाला कित्येक तास टिकतात. ४८ अंशांना अंड्यांना सव्वा तासाच्या आसपास लागतो. ५५च्या वर गेलं की कुणीच वाचत नाही. हे आकडे ढेकणाच्या अंगाला लागलेल्या तापमानाचे आहेत, खोलीच्या किंवा प्लास्टिकच्या वरच्या बाजूचे नव्हेत.

म्हणून कपडे, चादरी, अभ्रे ६० अंशांच्या पाण्यात धुवा, किंवा ड्रायरमध्ये कडक गरम हवेवर अर्धा तास फिरवा. कोरडे कपडे न धुता ड्रायरमध्ये टाकले तरी चालतं. खाटेच्या सांध्यांना वाफ द्या, पण तोटी रुंद आणि झोत मंद हवा. जोराच्या झोताने ढेकूण उडून खोलीभर पसरतात. तोटी फटीवरून अगदी सावकाश न्यायची. उकळतं पाणी चालतं, पण ते ओतता ओतताच थंड होतं. खोल सांध्यात पोचेपर्यंत किती उरलं ते तापमापी घालून बघा, अंदाजावर नको.

एकदा भिंगातून अंडं जरूर बघा. मिलिमीटरभर लांब, मोत्यासारखं पांढरं, एका टोकाला तिरकं झाकण. मादी ते लाकडाला चिकटवून टाकते. झटकल्याने पडत नाही, व्हॅक्यूमनेही पुष्कळदा निघत नाही. ते ज्याने पाहिलंय तो पुन्हा नुसती गादी झटकून स्वस्थ बसणार नाही. पिल्लू निघून गेलं की झाकण उघडं राहतं आणि रिकामं टरफल तिथेच चिकटलेलं दिसतं. उपाय केल्यानंतर त्याच जागी भरलेली अंडी उरलीत की नुसती टरफलं, यावरून बरंच कळतं.

मुक्तछंद

थोडं अवांतर, पण घरगुती उपायांच्या धाग्यात यायलाच हवं. बाल्कन भागात लोक राजम्याच्या वेलाची पानं रात्री खाटेभोवती जमिनीवर पसरत आणि सकाळी ढेकणांसकट जाळत. २०१३ साली शास्त्रज्ञांनी ती पानं सूक्ष्मदर्शकाखाली धरली. पानावरच्या सूक्ष्म आकड्यांसारख्या केसांत ढेकणाचा पाय नुसता अडकत नाही, आकडा पायाला भोसकून आरपार जातो. काही सेकंदांत तो जागेवर खिळतो. मग त्यांनी तसाच कृत्रिम पृष्ठभाग करून पाहिला, हुबेहूब साच्यातून. त्यात ढेकूण अडखळले, पण पक्के अडकले नाहीत. पानाला जे जमतं ते अजून आपल्याला जमलेलं नाही.

मला यातून वाटतं की घरगुती म्हणून हसण्यावारी नेऊ नये आणि घरगुती म्हणून डोळे मिटून मानूही नये. तपासला तेव्हा हा उपाय खरा निघाला.

शेवंती

मुक्तछंद, हे अवांतर नाहीच. फक्त पान ताजं हवं, सुकलं की ते काम करेनासं होतं. आणि अंडी तशीच राहतात.

कातरवेळ

खाटेच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवायचा जुना उपाय कितपत खरा?

शेवंती

कल्पना उत्तम आहे, आणि उपायापेक्षा मोजणी म्हणून मी तिला फार मानते. पाणी मात्र आटतं, त्यावर धूळ-धागे साचून पूल होतो. त्यापेक्षा दोन प्लास्टिकचे डबे घ्या, एक मोठा, एक लहान. लहान डबा मोठ्याच्या मधोमध चिकटवा. खाटेचा पाय लहान डब्यात. मोठ्या डब्याच्या बाहेरच्या अंगाला खरखरीत कागदी चिकटपट्टी लावा, म्हणजे ढेकूण सहज चढतो. आतल्या भिंती गुळगुळीत ठेवा आणि त्यांवर टाल्कम पावडरीचा अगदी हलका हात फिरवा. चढून आलेला ढेकूण मधल्या खोलगट जागेत पडतो आणि त्याला वर येता येत नाही. बाहेरच्या कड्यात सापडला तर तो खोलीतून खाटेकडे येत होता, आतल्या डब्यात सापडला तर खाटेवरून उतरत होता. खाट भिंतीपासून दूर हवी आणि चादर जमिनीला टेकता कामा नये, नाहीतर डब्यांना वळसा पडतो.

एक बारकावा आहे. माणसाला चावणाऱ्या ढेकणांच्या मुख्य जाती दोन: सायमेक्स लेक्टुलॅरियस आणि उष्ण प्रदेशातला सायमेक्स हेमिप्टेरस. या दुसऱ्याच्या पायांवर चिकट केसांचा गुच्छ जास्त असतो, तो गुळगुळीत भिंतही चढू शकतो. तुमच्याकडे तो असेल तर डबे रोज सकाळी बघा आणि पावडर पुसली गेली की पुन्हा लावा. बरण्यांच्या तोंडाला कापड बांधायला मी सांगितलं तेही त्याच कारणाने.

उपाय करण्याआधी एक आठवडा डबे लावून रोज किती सापडतात ते वहीत लिहा. मग उपाय करा आणि लिहीत राहा. घरातल्या प्रयोगाची कोरी बरणी म्हणजे हा आधीचा आठवडा.

अबोल_पान

गादीचं समजलं, शिवणीला वाफ देऊन बंद खोळ घालते. पण पुस्तकं, मुलीची लोकरीची खेळणी, लाकडी फ्रेम यांना ना वाफ चालते ना गरम पाणी.

शेवंती

त्यांना थंडी द्या. पिशवीत घट्ट बांधून उणे १८ अंशांच्या फ्रीझरमध्ये चार दिवस. फ्रीझरचं तापमान खरोखर तेवढं आहे का ते आत तापमापी ठेवून पाहा, पुष्कळांचं नसतं. जाड पुस्तकाचा गाभा थंड व्हायला वेळ लागतो, म्हणून दिवस त्यानंतर मोजायचे. बाहेर काढल्यावर वस्तू पुन्हा खोलीच्या तापमानाला येईपर्यंत पिशवी उघडू नका, नाहीतर पुस्तकावर दव धरतं.

रानवाट

शेवटचा प्रश्न. चाचणी झाली की बरण्यांतल्या ढेकणांचं काय करायचं?

शेवंती

तोंडाचं कापड न सोडता बरणी तशीच्या तशी पिशवीत बांधून फ्रीझरमध्ये, तीच मुदत. मग कागद, कापड आणि रबर उकळत्या साबणाच्या पाण्यात बुडवा. ताटातलं पाणी ओतण्याआधी भिंगाने बघून घ्या, पिल्लू जेमतेम दीड मिलिमीटरचं, फिकट असतं आणि नजरेतून सहज सुटतं. कोऱ्या बरणीचंही असंच करायचं, तिच्यातले तर बहुतेक सगळे जिवंत असतात.